गणपतरावांचं बटण

मोटारीत बसण्यापूर्वी गणपतराव तिच्या बॉनेटवर दोनदा थाप मारत आणि म्हणत, "चल बाई." आमच्या देवासच्या घरी ते आधी बग्गी हाकत. माझ्या सासऱ्यांनी, आबासाहेबांनी, मोटार घेतली तेव्हा घोडी गेली, थाप राहिली. मी धारहून नवी सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं, हा माणूस चक्रम आहे. ते मत पुढे फारसं बदललं असं म्हणवत नाही.

मोटार सुरू करायचं विजेचं बटण केव्हाच जळून गेलं होतं. मग पुढून लोखंडी हँडल खुपसून गरगर फिरवावं लागे. एका सकाळी ते उलटं फिरलं आणि गणपतरावांचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, जोर परत आला नाही. गाडी ते चालवू शकत, पण सुरू कोण करणार? आबासाहेबांनी दसऱ्याच्या सुमारास कामावर यायला इंदूरचा एक धिप्पाड ड्रायव्हर ठरवला.

"हात गेला म्हणून अक्कल गेली का, सरकार?" गणपतराव एवढंच बोलले आणि नवं बटण करायला बसले. तांबटाकडच्या जाड पट्ट्या, एक स्प्रिंग, वर दाबायला पितळी टोपी. पहिल्यांदा दाबलं तर ठिणग्यांचा भडका उडाला. वीज लोखंडात उतरत होती. त्यांनी जुन्या खोगिराचं चामडं कापून मध्ये घातलं आणि मला म्हणाले, "घोडीच कामाला आली बघा, वहिनीसाहेब."

पण आबासाहेबांनी धसका घेतला होता. "हँडल आहे तोवर त्या बटणाला कुणी हात लावायचा नाही!" त्यामुळे चामडं घातल्यावर ते चालतं की नाही, हे खुद्द गणपतरावांनाही ठाऊक नव्हतं.

खंडेनवमीला घरातली शस्त्रं पूजेला मांडली. पूजा होताच आबासाहेबांना धारला निघायचं होतं, दुसऱ्या दिवशी तिथल्या दसऱ्याच्या दरबारात त्यांचा मान होता. मीही माहेरी निघाले होते. नवा ड्रायव्हर बाह्या सरसावून आला. "हैंडल लाओ, एक झटके का काम है."

हँडल कुठेच मिळेना. शेवटी सापडलं ते देवघरात, तलवारींच्या रांगेत, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहिलेलं. आबासाहेब उचलणार तोच त्यांच्या थोरल्या बहीण, आत्याबाई, कडाडल्या. "आबा, हात मागं घे! पूजलेलं शस्त्र उद्याच्या उत्तरपूजेआधी हलत नाही या घरात." आत्याबाईंपुढे आबासाहेबांचंही काही चालत नसे.

"भिया, जरा सरको," गणपतराव त्या पहिलवान ड्रायव्हरला त्याच्याच इंदुरी बोलीत म्हणाले. डाव्या हातानं दोन थापा. "चल बाई." बटण दाबलं. मोटार घुरघुरली आणि गप्प झाली. आबासाहेबांनी तोंड फिरवलं. मी पदर घट्ट धरला होता, देवाला काय काय बोलले ते आता आठवत नाही. गणपतरावांनी पुन्हा दाबलं, आणि मोटार अशी गरजली की छपरावरची सगळी कबुतरं उडाली! "मान गए, भिया!" पहिलवान ओरडला. आबासाहेब आत बसले नि म्हणाले, "गणपतराव, चला. उशीर होतोय."

धारच्या वेशीपर्यंत मी एकटीच हसत होते. पुढे ती मोटार विकली जाईपर्यंत गणपतरावांनीच चालवली.

शेवटच्या आजारात त्यांना भेटायला गेले, तेव्हा इतकी वर्षं मनात असलेलं विचारून टाकलं. "ते हँडल पूजेत तुम्हीच ठेवलंत ना?"

त्यांनी वाकडं मनगट पांघरुणाबाहेर काढलं.

"शस्त्रच की ते, वहिनीसाहेब. माझा हात त्यानंच तर मोडला."