वऱ्हाडाकडची रेघ

आमच्या राज्याचा नकाशा मी दोनदा शिकले आणि दोन्ही वेळा मारच खाल्ला. आधी गुरुजींनी मारमारून राजधानी नागपूर म्हणून घोकून घेतलं. मग राज्यांची नव्यानं वाटणी ठरली आणि गुरुजी वर्गात येऊन म्हणाले, "नागपूर खोडा, भोपाळ लिहा." मी विचारलं, "मग आधी घोकलं ते?" झालं, छडी! छापील नकाशे आलेच नव्हते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ज्यानं त्यानं नवा नकाशा काढून आणायचा होता.

मी ओसरीवर खडूनं गिरवायला बसले. तापी काढली, आमच्या बुऱ्हाणपूरचा ठिपका दिला आणि त्याच्या खालून रेघ ओढली. आई शेजारी गहू निवडत होती.

"ही रेघ कशाची गं?"

"आपलं राज्य इथं संपलं. खाली वऱ्हाड. ते आता मुंबई राज्यात गेलं."

आईचं माहेर वऱ्हाडात, घाट उतरला की जळगाव जामोदच्या बाजूला. तिला एकच भाऊ. दर भाऊबीजेला ती जायचीच. वडील आतून म्हणाले, "घ्या! तुझं माहेर गेलं परराज्यात. आता परवाना काढावा लागेल." वडिलांची थट्टा ही अशी, समोरच्याचं तोंड न बघता केलेली.

आईचं तोंड उतरलं होतं. "अगं, काही होत नाही," वडील मागाहून म्हणाले. आमच्या शेजारी सिंधी मावशी राहायच्या. फाळणीत अशाच एका रेघेमुळे त्यांचं माहेर पलीकडे राहिलं, ते कायमचं. "त्यांनाही आधी सगळे हेच सांगत होते, काही होत नाही म्हणून," आई म्हणाली. वडिलांनी कपाळावर हात मारला. देशाची सरहद्द वेगळी, राज्याची वेगळी, हे परत परत समजावलं. पण आई कसली ऐकते!

"तुमचं शहाणपण तुमच्यापाशी ठेवा. मी डोळ्यांनी बघणार. कुणी आडवा आला तर त्यालाही बघून घेणार. भाऊबीज चुकायची नाही म्हणजे नाही."

मग ती सिंधी मावशींकडे गेली. "तुम्ही चला माझ्यासंगं. तुम्ही सरहद्द पाहिलेली, मला काय कळतंय त्यातलं?" मावशी नको नको म्हणत राहिल्या आणि आईनं त्यांची पिशवी भरूनसुद्धा टाकली.

भाऊबीजेला सकाळच्या मोटारीत आम्ही तिघी बसलो. मला नकाशा येतो म्हणून खिडकी मिळाली. आईच्या मांडीवर फराळाचा डबा, पदर घट्ट खोचलेला, भांडायची पुरी तयारी. घाट चढला, उतरला. सागाचं रान संपून कपाशी लागली, तशी आईला राहवेना.

"ड्रायव्हरदादा, ती नवी सरहद्द कधी येते?"

"ती? मघाच गेली, बाई. मागच्या नाल्यापाशी."

"कुणी अडवलं नाही?"

"कोण अडवणार? बकऱ्या?"

सगळी मोटार हसली. आई तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "मेली रेघ! जीव खाल्ला माझा!" मग तिचं लक्ष मावशींकडे गेलं आणि तिचं हसू थांबलं. मावशी मान वळवून मागे बघत होत्या. नाला केव्हाच दिसेनासा झाला होता. हळूच म्हणाल्या, "दीदी, हमारी वाली भी ऐसी बनाते, तो क्या जाता उनका?"

मला भयंकर राग आला, आणि कुणाचा ते सांगता येईना. आईनं मावशींचा हात धरला. गाव येईपर्यंत तो सोडला नाही.

संध्याकाळी मामा टोपी घालून पाटावर बसला. आईनं त्याला ओवाळलं आणि ताट सरळ मावशींच्या हाती दिलं. मावशी मागे सरकल्या. "अरे नहीं, मैं कौन होती हूँ..."

"ओवाळा म्हणते ना," आई म्हणाली.

मावशींनी डोक्यावर पदर ओढून घेतला आणि घाईघाईनं ताट ओवाळलं. निरांजन विझतंय की काय, असं मला वाटलं. मामानं ओवाळणीला एकच लुगडं आणलं होतं. त्यानं आईकडे पाहिलं. आईनं मान डोलावली आणि त्यानं ते लुगडं मावशींच्या ताटात ठेवलं.