पान चार, खालून दुसरी

डॉक्टर टिपणीस गेल्याची बातमी माझ्याकडे जाहिरात म्हणून आली. इंग्लंडमधल्या आमच्या महाराष्ट्र मंडळाचं चार पानी मासिक वार्तापत्र निघतं आणि गेली अकरा वर्षं त्याचं संपादन माझ्याकडे आहे. संपादन म्हणजे मजकूर गोळा करायचा, चौथ्या पानावर जाहिराती लावायच्या, प्रुफं तपासायची आणि वेळेवर छापायला पाठवायचं. त्या मंगळवारी सकाळी मी बेसिंगस्टोकला ऑफिसच्या कार पार्कमध्ये गाडीतच बसून वार्तापत्राची मेल बघत होतो. एका अनोळखी पत्त्यावरून चार ओळी आल्या होत्या. भूलतज्ज्ञ डॉ. म. वि. टिपणीस, साउथहॅम्प्टन, यांचं राहत्या घरी निधन झालं, अंत्यविधी कुटुंबापुरता, फुलं पाठवू नयेत, येत्या अंकात छापावं. खाली कोणाचंही नाव नव्हतं. वाचल्यावर पहिल्यांदा दुःख झालं असं लिहिता आलं असतं, पण ते खरं नाही. पहिल्यांदा संशय आला. नाव नसलेला मजकूर मी छापत नाही, आणि आता तर त्यावर विश्वासही ठेवत नाही. ही सवय मला ज्यांनी लावली त्यांच्याच घरी मी लँडलाइनवर फोन लावला, म्हणजे ते स्वतःच उचलतील आणि विषय मिटेल. बारा वेळा रिंग वाजली. मग त्यांच्या इथेच वाढलेल्या मुलीने, मुग्धाने, उचलला.

"काका, बाबा शुक्रवारी गेले," ती म्हणाली. "झोपेतच."

यावर माणसाने काहीतरी बरं बोलावं. मी विचारलं, "मुग्धा, वार्तापत्राला नोटीस आली आहे. ती तू पाठवलीस का? खाली नाव नाहीये."

 ती म्हणाली, "हो, तो नोटीस मीच पाठवला. माझ्या ऑफिसच्या ईमेलवरून... तुम्ही विचारलं, काका. बरं झालं." तिच्या आवाजात काहीतरी होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मी तिचं पूर्ण नाव आणि फोन नंबर लिहून घेतला, ऑफिसात गेलो, आणि दुपारपर्यंत एकही आकडा नीट जुळवू शकलो नाही.

टिपणीस साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात तीसेक वर्षं भूलतज्ज्ञ होते. माझी ओळख ते निवृत्त झाल्यावरची, मी वार्तापत्र हातात घेतलं तेव्हाची. पहिला अंक निघाल्यावरच्या रविवारी सकाळी नऊ वाजता त्यांचा फोन आला. नमस्कार वगैरे नाही. "पान चार, खालून दुसरी. 'नुकतेच आलेले अस्सल केशर.' नुकतेच म्हणजे कधी?" मी म्हटलं, मला काय माहीत. "मागच्या संपादकाच्या काळापासून नुकतंच येतंय ते. मी चौदा महिने बघतोय." मी जुने अंक काढून पाहिले. चौदाच होते. मी पगारपत्रकांच्या धंद्यातला माणूस, आकडा बरोबर निघाला की माझा निम्मा राग जातो. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो.

वरच्या मजल्यावर त्यांची एक खोली होती, आणि तिच्यात अठराव्या शतकातल्या अमेरिकन शहरांची वर्तमानपत्रं होती. अर्थात छायाप्रतीच; फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, बोस्टन, चार्ल्सटन अशा चिठ्ठ्या लावलेल्या खोक्यांत नीट रचलेल्या. नोकरीत असताना ते एका परिषदेसाठी फिलाडेल्फियाला गेले होते. दुपारचं भाषण कंटाळवाणं होतं म्हणून उठून एका वाचनालयात शिरले, तिथे कोणीतरी त्यांच्यापुढे जुन्या अंकांची बांधणी ठेवली, आणि त्यांना दिसलं की पहिल्या पानावर बातमी नाहीच. गलबतं कधी सुटणार, मद्याची पिंपं, आयरिश कापड, खिळे, चहा, खोटे दात, आणि सगळे रोग एकाच बाटलीत बरे करणारी औषधं. "बातमी आत, जागा उरली तर," ते म्हणायचे. "मला तो प्रामाणिकपणा वाटला. पेपर कशावर चालतो ते पहिल्या पानावर सांगितलंय." औषधांच्या जाहिरातींवर त्यांचा विशेष जीव. "मी आयुष्यभर माणसं झोपवली, पण आधी वजन विचारून. हे लोक न विचारता झोपवायचे."

त्यांची काम करायची पद्धत मला लगेच पटली, कारण ती माझ्यासारखीच होती. जाहिरात दिसली की लाकडी फूटपट्टीने तिची लांबी मोजायची, वहीत टिपायची, आणि पुढच्या अंकात तीच आहे का बघायचं. 'नुकत्याच आलेल्या गलबतातून' मिळणारं कापड पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नुकतंच येत राही, कारण एकदा जुळवलेले अक्षरांचे खिळे छापणारा तसेच ठेवून द्यायचा. हे ते हसत सांगायचे. एक प्रकार मात्र ते हसून सांगत नसत. एका गुलाम मुलीची जाहिरात. वय सोळाच्या आसपास, स्वयंपाक येतो, शिवण येतं, काही दोष नसताना विकायची आहे. विकणाऱ्याचं नाव नाही. शेवटची ओळ: चौकशी छापणाऱ्याकडे करावी. "काही दोष नसताना," टिपणीस ती ओळ सपाट आवाजात वाचायचे. "कोणी विचारलं होतं दोषाचं? न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिसलं की थांबायचं, हिशेबनीस." ते मला कायम हिशेबनीसच म्हणत. अशा, चौकशी छापणाऱ्याकडे करा म्हणणाऱ्या जाहिरातींची त्यांनी वेगळी वही केली होती. विकणारा सभ्य माणूस, त्याला चारचौघांत नाव नको. म्हणून मधे छापणारा उभा. वरच्या रकान्यात तो स्वातंत्र्यावरची पत्रं छापतो आणि खालच्या रकान्यातल्या मुलीची किंमत दुकानात येणाऱ्याला तोंडी सांगतो.

आठ-नऊ वर्षं असं चाललं. अंक निघाल्यावर पहिल्या रविवारी नऊला फोन, "पान चार," आणि मग वरून किंवा खालून कितवी ते. सुनीता, माझी बायको, रिंग वाजली की चहा पुढ्यात ठेवून म्हणायची, "घे, तुझा इन्स्पेक्टर आला." मी जाहिरातदारांना तपासू लागलो. गहाणकर्जाचा सल्लागार असो की माळ्यावर खोली काढून देणारा बिल्डर, त्याची नोंदणी बघायची, पत्ता खरा आहे का बघायचं, एकदा दोनदा मी स्वतः गाडी काढून जाऊन आलो आहे. पण या तपासणीत एक मोठं भोक होतं आणि ते मला दिसत नव्हतं. मी तपासायचो ते परक्यांना. समोरचा मराठी बोलला, शाळेचं नाव सांगितलं, ओळखीतली एखादी आत्या निघाली, की माझी वही आपोआप मिटायची.

असाच एकाचा फोन आला. बेसिंगस्टोकला स्टेशनजवळ डबल रूम, मराठी घर, नव्याने आलेल्या जोडप्याला प्राधान्य. बोलणं शुद्ध पुणेरी, त्याची मावशी माझ्या शाळेमागच्या गल्लीत राहायची. "नाव छापू नका हो," तो म्हणाला, "शेजारी उगाच चौकशा करतात. लोकांना तुम्हीच नंबर द्या, तुमच्या शब्दाला वजन आहे." मला ते ऐकून बरं वाटलं हे कबूल करतो. मी खाली छापलं: चौकशी संपादकांकडे करावी.

रविवारी फोन आला. "पान चार, खालून दुसरी. नाव नाही."

"डॉक्टर, आपलाच माणूस आहे. मी बोललोय त्याच्याशी."

"घर बघितलंस?"

"त्याची मावशी आमच्या शाळेमागे राहायची."

"मावशीच्या घरात राहायचंय का कोणाला?"

"डॉक्टर, प्रत्येक ठिकाणी संशय घेऊन मंडळ चालत नाही."

"...बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

नागपूरहून नुकतंच आलेलं एक जोडपं, मुलगा सात महिन्यांचा. त्यांनी आधीची जागा सोडली आणि तिथे राहायला गेले, कारण मी नंबर देताना म्हटलं होतं, माणूस चांगला आहे. घर त्याचं नव्हतंच. त्याने ते भाड्याने घेऊन खोल्याखोल्यांत माणसं भरली होती, मूळ मालकाला पत्ता नव्हता. जानेवारीत मालक आला, कुलपं बदलली, आणि आमचे गृहस्थ फोन उचलेनात. मग बाळाच्या वडिलांनी फोन मलाच केला, आणि रागावून नाही. "सर, आमचं सामान बाहेर आहे. आम्ही तुम्हालाच विचारलं होतं ना, म्हणून..."  पाच आठवडे ते आमच्याकडे राहिले. पहिल्या रात्री बाळाचे कपडे रेडिएटरवर वाळत घालताना सुनीता एवढंच म्हणाली, "त्यांनी जाहिरात नाही वाचली. तुझं नाव वाचलं."

मी साउथहॅम्प्टनला गेलो आणि टिपणीसांना सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही 'मी म्हटलं होतं' असं म्हटलं नाही. उठले, त्या सोळा वर्षांच्या मुलीच्या जाहिरातीची प्रत काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "मी तुलना करत नाहीये, गैरसमज नको. कुठे हे, कुठे ते. फक्त पद्धत बघ." त्यांनी पानाच्या तळाशी फूटपट्टी ठेवली. तिथे बारीक अक्षरात छापणाऱ्याचं नाव आणि रस्ता होता. "या मुलीचं पुढे काय झालं हे आज कोणाला विचारायचं म्हटलं, तर या सगळ्या पानावर एकच नाव आहे. ज्याने विकलं त्याचं नाही."

त्यानंतर त्यांचे रविवारचे फोन बंद झाले.

भांडण झालं नाही. गणपतीत भेटायचो, गुडघ्यांविषयी, पार्किंगविषयी बोलायचो. पण पान चारचं नाव नाही. मी नियम केला: नाव, पत्ता, फोन, आणि मी स्वतः बोलून खात्री केल्याशिवाय जाहिरात छापायची नाही, मग ती सख्ख्या भावाची असो. पान चारवरच्या जाहिराती अठरावरून सातवर आल्या. समितीच्या बैठकीत खजिनदार म्हणाले, "अरे, तू इमिग्रेशन काउंटरवर बसलायस का? बारशाच्या हॉलची जाहिरात दिली तर जन्मदाखला मागशील." सगळे हसले, टिपणीसही तिथे होते, तेही हसले. मला त्यातून काही कळेना. ते माझा अंक अजून वाचतात का? वाचून गप्प बसतात का? की मी वाचण्याच्या लायकीचा राहिलो नाही? दोन वर्षं दर पहिल्या रविवारी नऊ वाजता मी फोनपाशी काहीतरी काम काढून बसायचो. सुनीताने चहा आणून देणं सोडलं नाही, फक्त ते इन्स्पेक्टरचं बोलणं बंद केलं.

शेवटची भेट मार्चमधली. त्यांना डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं होतं, मुग्धा लंडनजवळच्या इल्फर्डहून येऊ शकत नव्हती, म्हणून मी गाडी घेऊन गेलो. परत येताना, सिग्नलला थांबलो असताना, थेंब घालून बाहुल्या मोठ्या केलेल्या असल्यामुळे डोळ्यांवर हात धरून त्यांनी विचारलं, "पान चार कसं आहे?"

"सहा जाहिराती आहेत," मी म्हटलं.

"हं," ते म्हणाले.

त्या 'हं'चा मी घरी येईपर्यंत विचार केला. समाधान होतं, की सहाच का, असं होतं? विचारायला हवं होतं. नाही विचारलं...

ते गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मुग्धाने बोलावलं. खोकी एका वाचनालयाला द्यायची ठरवली होती, त्याआधी मला काही हवं असेल तर. ती खोली अगदी तशीच होती, टेबलावर आमचे अंकही रचलेले. गेल्या दोन वर्षांचे सगळे. मी चाळून पाहिले. प्रत्येकाच्या पान चारवर पेन्सिलीने बारीक खुणा, लांबीचे आकडे, एकही अंक सुटलेला नाही. म्हणजे वाचत होते. मग मुग्धाने एक कागद दिला. "काका, बाबांनी तो नोटीस स्वतः लिहिला होता. मी फक्त टाइप केलं. बघा, शेवटी माझ्यासाठी लिहिलंय."

त्यांच्याच अक्षरातल्या त्या चार ओळी, आणि त्याखाली रेघ मारून: 'मुग्धा, खाली नाव घालू नकोस. तो फोन करून विचारेल. नाही विचारलं, तर छापू देऊ नकोस.'

मी ते दोनदा वाचलं. मधल्या वाक्यावर थांबलो की मला वाटतं, माझ्यावर विश्वास होता. शेवटच्यावर गेलो की वाटतं, अजिबात नव्हता, मरतानाही माणूस मला तपासत होता. मुग्धाला विचारलं तर ती म्हणाली, "मला पण नाही कळला. पण तुम्ही विचारलं ना."

फूटपट्टी मी मागून घेतली. आता ती माझ्या टेबलावर असते, एका बाजूचे आकडे बोटांनी पुसट झालेले. येत्या अंकात टिपणीसांची नोटीस आहे, पान चारवर, खालून दुसरी. ती जागा मीच निवडली. खाली मुग्धाचं नाव आहे, आणि पानाच्या तळाशी, जिथे पूर्वी नुसतं 'संपादक' असायचं, तिथे माझं. अंक रविवारी पोचतील. मी प्रुफावर पट्टी ठेवून लांबी मोजली आणि पेन्सिलीने बाजूला लिहिली.