निलांगच्या गळ्यातली पाटी

ऑगस्ट आला की ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात फिलिपिनो मंडळींच्या हॉलमध्ये भाषेचा सोहळा होतो आणि लिओनिला बाल्देस्कोचं डोकं फिरतं. सगळे तिला माना निलांग म्हणतात; तिच्या सामार बेटाकडे थोरल्या बहिणीला मानाच म्हणायचं. वृद्धाश्रमात ती चादरी धुते आणि चादरींशी, यंत्राशी, देवाशी वाराय या सामारच्या बोलीतच भांडते. मनिलाची तगालोग येत नाही असं नाही. शाळेत मारून मुटकून शिकवलंय.

तेव्हा वाराय शब्द तोंडून निसटला की बाई गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवायच्या: 'मी चुकले'. एकदा ती पाटी तशीच लटकवून निलांग घरी गेली. आईने पाटी चुलीत घातली आणि लेकीला एक सिदाय, म्हणजे वाराय कवन, शिकवलं. सामारच्या किनाऱ्यावर घरोघरी म्हणायचे ते. एकाने ओळ म्हणायची, ऐकणाऱ्यांनी उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर पुढची ओळ नाही, अशी रीत.

तेच सिदाय तिने यंदा नातीकडून, जोव्हेलिनकडून घोटून घेतलं होतं. पण समितीचे अध्यक्ष कॉनरादो पडले पक्के राजधानी मनिलाचे. त्यांनी फतवा काढला, मंचावर फक्त तगालोग. पोरीच्या हातात सिदायचं तगालोग भाषांतर ठेवलं.

"माना, प्रत्येकजण आपापली भाषा बोलायला लागला तर बाजार होईल हो."

"बाजारच बरा. तिथे निदान मासेवालीलाही ओरडू देतात."

वर गंमत म्हणून एक खेळही काढला होता. जो तगालोग सोडून दुसरं बोलेल त्याच्या गळ्यात पाटी!

मंचामागे जोव्हेलिनने आजीला पाहिलं आणि ती वारायमध्ये ओरडली, "आजी, माझी वेणी सुटली!" सगळे खो खो हसले. कॉनरादोंनी पाटी पोरीच्या गळ्यात घातली. पोरगीही हसली, मग आजीचा चेहरा पाहून तिने पाटी हातांनी झाकली.

निलांगच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काढा ती."

"अहो, गंमत आहे!"

"माझ्या गळ्यात पडली तेव्हाही सगळा वर्ग हसला होता. लाज नाही वाटत? समुद्र ओलांडून आलात ते हे पुठ्ठे घेऊन?"

तिने पाटी ओरबाडून काढली, स्वतःच्या गळ्यात घातली आणि तरातरा मंचावर गेली.

"वादळा, छप्पर ने, भात ने, होडी ने," ती वारायमध्ये म्हणाली आणि थांबली.

उत्तर आलं नाही. कॉनरादोंनी माइकवर घसा खाकरला, "बरं, तर आता पुढचा कार्यक्रम..." निलांग जागची हलली नाही. इथे कुणालाच येत नसेल तर आईचं सिदाय आज इथेच संपलं.

"जीभ तेवढी ठेव."

आवाज पहिल्या रांगेतून आला. आर्मिंदा, कॉनरादोंची बायको! आजवर स्वतःला मनिलाची सांगणारी. कॉनरादोंचा आ वासलेला तसाच राहिला. पुढच्या ओळीला मागून आणखी दोघं बोलली, आणि सिदाय शेवटापर्यंत गेलं.

टाळ्या पडल्या, पण निलांगचा राग उतरला नव्हता. ती थेट आर्मिंदासमोर जाऊन उभी राहिली.

"इतकी वर्षं माझ्या हातचे सामारचे गोड बिनागोल चाटूनपुसून खाल्लेस. एक वाराय शब्द फुटला नाही तोंडातून?"

आर्मिंदाने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझ्याही गळ्यात घातली होती, माना," ती म्हणाली. "माझ्या आईने चुलीत नाही टाकली. म्हणाली, बाई बरोबर आहेत."

निलांगने गळ्यातली पाटी काढून आर्मिंदाच्या हातात दिली.

"चल. मागे स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली आहे."