जंगलात घेतलेलं नाव

मी आज आहे ती आमच्या शेतात कामाला येणाऱ्या एका गोंड काकीमुळे. हे आधी सांगून टाकते. कारण आमच्या सालेकशाकडच्या गावात ही गोष्ट निघते तेव्हा लोक तिची आठवण सगळ्यात शेवटी काढतात, आणि तीही शिवी दिल्यासारखी.

आज सकाळी इथं, खरगपूरच्या रेल्वेच्या चाळीत, शेजारची तेलुगू बाई पोराला भात भरवत होती. पोरगं तोंड फिरवत होतं. ती दाराकडे बोट करून म्हणाली, "पुली वस्तुंदी." पोरानं मुकाट घास गिळला. माझ्या हातातलं सूप मात्र तिथंच थांबलं. पुली म्हणजे वाघ. ते मला कुणी सांगावं लागलं नाही.

लहानपणी मला या एका जनावराच्या नावांचा नादच होता. आमच्या घरच्या पोवारी बोलीत तो बाघ, शाळेच्या पुस्तकात वाघ, छत्तीसगढी मजुरांच्या तोंडी बघवा, गोंदियाच्या बाजारात शेर. गुरुजींनी एकदा व्याघ्र सांगितला. हुंगत हुंगत येतो तो व्याघ्र, आणि बाघ, वाघ, बघवा ही सगळी त्याचीच लेकरं. काकीच्या गोंडीतला पुली तेवढा या गोतात बसेना. गुरुजी म्हणाले, ती जंगली बोली, तिला कुठलं आलंय गोत. मी काकीला तसंच सांगितलं, तर ती नुसती हसली आणि धानाची रोपं चिखलात खोचत राहिली. त्या शब्दाचं गोत तेलुगूतून पार समुद्रापर्यंत पसरलंय, हे मला आज, इतक्या वर्षांनी, परक्या मुलखात कळावं!

जंगलात शिरलं की मात्र यातलं एकही नाव चालत नसे. नाव घेतलं की तो येतो. तिथं त्याला 'मोठा' म्हणायचं, तेही खालच्या आवाजात. चैतात बाया उजाडता उजाडता मोहफुलं वेचायला निघत. बाबांच्या मालकीची काही झाडं काकीला वेचायला दिलेली होती. पावसाळ्यात तिची चूल त्या सुकवलेल्या फुलांवरच चाले. एकदा मी हट्टानं तिच्याबरोबर गेले. झाडाखालची जमीन साफ व्हावी म्हणून पाला जाळतात, तसा तिनं जाळला होता. मी त्या गोड, आंबूस वासात मान खाली घालून वेचत वेचत लांब गेले. तेवढ्यात काकी ओरडली, "पुली!" घाबरल्या माणसाच्या तोंडी आईचीच भाषा येते. मी टोपली टाकून आगीकडे धावले. वळून पाहिलं तर ती फांदीनं जळता पाला उधळत पुढं सरकत होती, आणि झुडपात पिवळं काहीतरी मागं फिरत होतं.

त्याच आठवड्यात शाळेच्या वाटेवर एक गुराखी मारला गेला. पिंपळाखाली गाव जमलं. हिनं नाव घेतलं म्हणून 'मोठ्या'ला गावाची वाट सापडली, असं ठरलं. बाबांनीच विचारलं, "काऊन घेतलीस वं त्याचं नाव?"

काकी म्हणाली, "नसतो घेतलो त तुमची पोरगी नसती रायली, पाटील. कोन्तं पायजे होतं तुमाले?"

बाबांनी तिची झाडं तिथंच दुसऱ्याला देऊन टाकली. मी वाचले म्हणून आईनं आत माझी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली आणि बाहेर उभ्या काकीला पाणी विचारलं नाही. पिढ्यांपूर्वी माळव्यातून आलेले आम्ही पोवार. आम्ही तिथल्याच बाईला तिथून उठवलं. त्या पावसाळ्यात ती बालाघाटच्या बाजूला गेली म्हणतात. वाघाच्या भीतीनं शाळेची वाट बंद झाली, तिच्याबरोबर माझी शाळाही, चौथी अर्धवट ठेवून. मग लग्न, आणि हा मुलूख.

इथं त्या शब्दावर एक पोर पोटभर जेवतं. तिकडं त्याच शब्दापायी एका घराच्या तोंडचा घास गेला.

काकी, तू आहेस की नाही, या घोरानं आज हात कामाला लागत नाही. आहेस असंच धरून चालते. झाडं लेकीच्या नावावर नसतात, ती मला परत देता येणार नाहीत. पण यांना रेल्वेचा पास मिळाला की मी सालेकशाला उतरेन, त्याच पिंपळाखाली उभी राहीन आणि तुझ्या प्रश्नाला कुणी दिलं नाही ते उत्तर सगळ्यांदेखत देईन. मग तुला शोधत बालाघाटकडे येईन. तुझं हे देणं ठेवून मी मरणार नाही.