अठराचं अक्षर

नलूताई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी येवल्याच्या एसटी स्टँडवर नुकतीच उतरले होते. घरी पोचून बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "माझं पुस्तक आण." त्याला आता दीड महिना होईल.

नलूताई नाशिकला आमच्या कॉलेजात गणित शिकवायच्या. प्रश्नपत्रिका स्वतः टेक नावाच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये रचायच्या. म्हणजे मजकूर आणि त्याच्या मांडणीच्या आज्ञा एका साध्या फाइलीत लिहायच्या, की आखीवरेखीव पानं तयार. मला ते नसतं झेंगट वाटायचं. पण बाबांच्या वहीची कोष्टकं टायपिंगच्या दुकानात पार कोलमडली, तेव्हा नाक मुठीत धरून मी त्यांच्याकडेच गेले. बाबा पैठणीचे विणकर. पदरावरच्या मोराला, कोयरीला कुठे किती धागे उचलायचे, ते सगळं त्या वहीत. डोळे अधू झाले आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली वही दुसऱ्याकडून वाचून घ्यायची वेळ त्यांच्यावर आली. "वाच," म्हणताना त्यांचा चेहरा उतरायचा, मला बघवायचं नाही. त्यांना स्वतःला वाचता येईल अशी ती छापायची, एवढंच मला हवं होतं.

ताईंनी एक ठसठशीत फॉन्ट शोधला, कुणीही वापरावा, कुणालाही द्यावा असा मुक्त; अक्षराचा आकार ठेवला अठरा. मी तो लॅपटॉपवर बसवला, तर पडदाभर चुका! "मरू दे ते टेक," मी म्हटलं. "शेवटचं रडगाणं काय वाचतेस? पहिली तक्रार वाच," ताई म्हणाल्या. पहिली तक्रार एवढीच होती, की या नावाचा फॉन्ट सापडत नाही. "फॉन्टची फाइल पुस्तकाच्याच फोल्डरमध्ये ठेव आणि तिथूनच घ्यायला सांग. गावाला जाताना चष्मा घरी ठेवतात का?"

मी शहाणीने नेमका चष्माच घरी ठेवला. येवल्याला भावाच्या कॉम्प्युटरवर पानं काढायची म्हणून सगळं पेनड्राइव्हवर घेतलं आणि फॉन्ट तेवढा पसारा म्हणून वगळला. तिकडे टेक अडून बसलं आणि बाबा खुर्ची ओढून तयार! ताईंना फोन केला. "कळलं," एवढंच म्हणाल्या, आणि दुपारी फॉन्ट घेऊन एसटीने दारात हजर. "अहो ताई, मेल करायचा ना!" "मेलवर बाबांचा चेहरा दिसतो होय गं?"

पहिलं पान बाबांनी बोट ठेवून वाचलं. एका ओळीवर थांबले. "इथं आठ नाय, सहा धागे." चूक माझीच होती. ताई टाळी देऊन हसल्या आणि मी मात्र रडायला लागले. "बाई, आता कुणाला वाच म्हणायला नको," बाबा त्यांना म्हणाले. ताईंचे हे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

परवा येवल्यातल्या काही विणकरांनी पुस्तकाच्या प्रती मागितल्या. छापखानेवाले म्हणाले, अक्षर बारीक करा, पानं निम्मी होतील. लॅपटॉप नवा, त्यावर तो फॉन्ट बसवलेलाच नाही, त्यामुळे धाकधूक होती. पण फोल्डर उघडून आज्ञा दिली आणि पान जसंच्या तसं समोर आलं. चष्मा बरोबर होता ना! मग आकार बदलायला फाइल उघडली. अठराच्या आकड्याच्या वरच ताईंनी टक्क्याचं चिन्ह टाकून एक ओळ लिहिलेली. त्या चिन्हापुढचं छापलं जात नाही, म्हणून इतके दिवस माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. "जया, आकडा बदलण्याआधी बाबांना पान दाखव."

बारीक अक्षराचं एक पान काढून मी येवल्याला गेले. बाबांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, उजेडाकडे वळवलं… आणि माझ्या हातात देत हळूच म्हणाले, "वाच."

नाशिकला परत आल्यावर ताईंच्या ओळीखाली मीही टक्क्याचं चिन्ह टाकलं आणि लिहिलं, "दाखवलं, ताई. अठराच."