काकांच्या स्पीकरला आईचा टीशर्ट

मंडळी, आज सकाळी कोळवणला गेले होते आणि तिथे माझी चांगलीच जिरली.

माझा हुडी-टीशर्टचा छोटासा स्ट्रीटवेअर ब्रँड आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. कोळवणचे दत्तूकाका सागवानाचे स्पीकर हातानं बनवतात, एकेका जोडीला दोन-दोन महिने लावतात. आता आम्ही मिळून एक जोडी करतोय. खोकं त्यांचं, पुढचं कापड माझं.

मी ऐटीत आमचं सगळ्यात भारी, जाडजूड कापड पुढे केलं. काकांनी ते तोंडाला लावून जोरात फुंकर मारली आणि मला परत दिलं.

"फुंकर जात न्हाई, तर आवाज कुटनं जायचा? विरल्यालं आन, पोरी."

"काका, आम्ही नवं विकतो. विरलेलं कुठून आणू?"

"घरात कुनीतरी वापरत आसंल की."

आणि मला आई आठवली.

सहा वर्षांपूर्वी मी छापलेला पहिलाच टीशर्ट. ब्रँडचं नाव वाकडं उमटलं म्हणून मी फेकायला काढला होता. आई अजून रोज स्वयंपाक करताना तोच गाऊनवर घालते.

दुपारी महाळुंग्याला घरी येऊन तिला सगळं सांगितलं. तिनं लगेच टीशर्ट काढून दिला. मी फुंकर मारली, ती आरपार माझ्या तळहाताला लागली.

"घेऊन जा," आई म्हणाली, "पण मला दुसरा दे. असाच, वाकडा छापलेला."

आता तुम्हीच सांगा, मुद्दाम वाकडं कसं छापायचं?