शालीकरामचं शेवटचं मोहळ

मला राग पटकन येतो, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण या वेळचा राग अजून उतरलेला नाही, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

नवेगाव बांध या आमच्या गावी शाळेमागे दुर्पताबाई राहते. मोहाची दारू इकडे घरोघरी. ही मात्र मधाची करते. मडक्यात मध, कोमट पाणी, मूठभर मोहफुलं, आणि वरून सुचेल ते. कधी लिंबाचं शरबत, कधी बेलाचं. एकदा नातीच्या हट्टापायी बाटलीतला काळा थंडासुद्धा ओतला होता. लोक आधी हसले, मग मडकं रिकामं करूनच उठले.

यंदाचं मडकं मात्र वेगळं होतं. तिचा नवरा शालीकराम, जंगलातून मध काढणारा, गेल्या वर्षी तापानं गेला. त्यानं उतरवलेल्या शेवटच्या मोहळाचा मध तिनं वर्षभर बाटलीत जपला आणि त्यात आल्याचा कोरा चहा घालून दारू लावली, कारण तो चहाशिवाय झाडावर चढत नसे. त्याला जाऊन वर्ष होईल त्या दिवशी पहिला द्रोण त्याला, मग पूर्वजांना, मग घरच्यांना. त्याआधी कोणी ओठाला लावली तर सगळं मडकं उष्टं. ही त्या घराची रीत, आणि मला ती चांगली ठाऊक होती.

तरी आदल्या दिवशी मीच एक पाहुणा तिथं नेला. तळ्याकाठी हॉटेल काढायला आलेला. 'चहाची दारू' ऐकून त्याला राहवेना, आणि मला गावाची शेखी मिरवायची होती. बाई पाणी आणायला आत गेली. यानं एका हातात मोबाइल धरला, ओसरीतल्या मडक्यावरचं फडकं काढलं आणि गिलास थेट आत बुडवून घटाघटा प्याला. माझ्या तोंडून 'थांबा' निघालं, ते त्यानं ओठ पुसल्यावर.

दुर्पताबाई दारात उभी होती. मी म्हणालो, बाहेरचा माणूस, त्याला काय माहीत.

"त्याले नाई माहीत," ती म्हणाली. "तुमाले त होतं ना, मास्तर?"

"दुसरं लावा ना, माँजी," पाहुणा म्हणाला. "शहद मी पाठवतो. पाहिजे तेवढं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शालीकराम कुठून पाठवणार होता हा शहाणा? त्याला मी हाताला धरून बाहेर काढलं. पण त्याला आत आणणाराही मीच होतो.

वर्षाच्या दिवशी मी तिच्या कुंपणाबाहेर उभा राहिलो. तिनं आलं ठेचून कोरा चहा उकळला. मग मधाची रिकामी बाटली घेतली, तिच्यात थोडा कोमट चहा ओतला आणि बुडाला चिकटलेलं सुटेल तेवढं सुटावं म्हणून बराच वेळ हलवत बसली. तेवढाच चहा तिनं द्रोणात ओतला.

"दारू उष्टी झाली," ती जमिनीकडं बघत म्हणाली. "यंदा एवढंच पी."

नंतर उरलेला चहा सगळ्यांना वाटला. मला कोणी विचारलं नाही, आणि बरोबरच केलं.